गाणाऱ्या ज्योतीला वारा नको

किस्से आमच्या शेडमध्ये तांब्याच्या वायरीच्या तुकड्यांसारखे साचतात. रोज थोडे, कोपऱ्यात. झाडायला कुणालाच वेळ नसतो.

जर्मनीत ध्वनिशास्त्र शिकून नाशिकला परतले, तेव्हा वाटलं होतं, आपण इथे प्लाझ्मा स्पीकर बनवू. ना पडदा, ना चुंबक. बोटभर जांभळी ज्योत, आणि तिच्याभोवतीची हवाच गाणार! सगळे मिळून प्रयोग करू, आवाजावरून कडाकडा भांडू. प्रत्यक्षात सातपूरला सापडली ट्रान्सफॉर्मर बनवणारी एक शेड आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणणारी तीन माणसं. मालक शिरसाठ काका, बाबांचे मित्र. पॅकिंगच्या सुनंदाताई. आणि तीस वर्षं कॉइल गुंडाळणारे, देवळ्याकडचे खैरनार मामा.

पहिल्यांदा ज्योत गायली, तेव्हा काकांनी बूट काढले!

"दिवा बोलतोय पोरी! उद्यापासून चप्पल बाहेर."

मला केवढा आनंद झाला होता. मूर्ख मी.

दिवा म्हटलं की त्याला वारा लागू द्यायचा नाही, हे ओघानं आलंच. खिडक्या बंद झाल्या. मी भांडून बसवलेला एक्झॉस्ट फॅनही बंद झाला.

"मामा, फॅन का बंद केला?"

"ज्योत हलती ना ताई. आवाज फाटतो. तुमचाच माल खराब दिसतो!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मग वासाचा विषय निघाला. ही ज्योत हवा जाळते, त्यातून ओझोन निघतो, नायट्रोजनचे वायू निघतात. काकांनी छाती भरून श्वास घेतला.

"अहाहा! महाबळेश्वर! आणि ओझोन तर चांगला असतो. पृथ्वीला वाचवतो, शाळेत शिकलोय मी."

"तो वर आकाशात असतो तेव्हा, काका. नाकात गेला की फुफ्फुसं सोलतो."

"म्हणजे वरचा चांगला, खालचा वाईट? आमच्या सोसायटीत पण सेम आहे!"

सगळे हसले. मामा हसता हसता खोकले. तो खोकला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

महिन्याभरात सुनंदाताईंचे रबरबँड पटापट तुटायला लागले. डब्यांना ताणून लावलेले, सगळ्यांवर बारीक चिरा. मला वाटलं, चला, पुरावा मिळाला! मी ते तुकडे काकांच्या टेबलावर मांडले.

"ओझोननं रबराचं हे होतं काका, तर मामांच्या छातीचं काय होत असेल?"

काका गंभीर झाले. चष्मा लावून एकेक तुकडा पाहिला. मग आत हाक मारली,

"सुनंदा, उद्यापासून दुसऱ्या कंपनीचे रबर आण!"

शेवटी मी पाटी लावली. 'पंखा लावल्याशिवाय ज्योत पेटवू नये.' दसऱ्याला मशीनची पूजा झाली, तेव्हा पाटीलाही झेंडूचा हार पडला. हाराखाली 'पंखा लावल्याशिवाय' गेलं, 'नये'ही गेलं. उरलं फक्त 'ज्योत पेटवू'. हार कुणी काढू देईना.

मामांचा खोकला वाढतच गेला. मी हट्टानं त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. मनात म्हटलं, माझं नाही, निदान डॉक्टरचं तरी ऐकतील.

ऐकलं की! दुपारी येऊन पाहते तर मामा ज्योतीच्या हातभर अंतरावर स्टूल टाकून बसलेले. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. एक्झॉस्टच्या भोकात पोत्याचा बोळा.

"मामा! हे काय?"

"डॉक्टर म्हनले, धूळ टाळा, चांगल्या हवेत बसा." श्वास पुरेना, तरी हसत होते. "आपल्याकडं सगळ्यात चांगली हवा इथंच नाय का? आन बघा ताई, एवढूसाबी वारा नाय. कशी सरळ उभी हे तुमची ज्योत!"

खरंच सरळ होती. तिचा आवाज इतका स्वच्छ मी जर्मनीतही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. चप्पल घालूनच आत शिरले. चिकटपट्ट्या ओढल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि वायरकटर घेऊन माझ्या स्पीकरची, ज्योत पेटवणारी कॉइल मुळापासून कापली.

मागे पाहिलं तर दारात मामा उभे. पायातली चप्पल सवयीनं काढत होते.

"ताई," ते म्हणाले, "दिवा असा विझवत नसतात."

"चप्पल घाला, मामा."