टपोऱ्या मण्यांचा ट्रॅक्टर परत आला

मंडळी, आज विंचूरच्या वायनरीतून माझ्या भावाचा, दादाचा, द्राक्षांनी भरलेला ट्रॅक्टर तसाच परत आला. अजून डोकं तापलेलंच आहे.

टेम्प्रानियो हे स्पेनच्या रिओहा भागातलं काळं द्राक्ष. त्याची ताजी लाल वाईन पिंपात न मुरवताही पितात. दादाचा या वाईनच्या द्राक्षाचा हा पहिलाच माल. सवयीने त्याने खायच्या द्राक्षांसारखे घड औषधात बुडवून मणी फुगवले.

"साहेब, असला टपोरा माल लय नशिबाने मिळतो!" दादा वायनरीच्या साहेबाला म्हणाला.

"काका, हा खायला न्या. वाईनला चव लहान मण्याची. याचं नुसतं पाणी होईल," साहेब म्हणाला.

वायनरीने रोपं दिली, पण हे सांगितलं नाही. मीही इंटरनेटवर वाचून दादाला रिओहाच्या थंड रात्रीच ऐकवत बसले.

जन्मभर मणी मोठा करायला शिकलेल्या माणसाला, "लहानच ठेव," हे कुणी सांगायला हवं होतं?