कोपरापर्यंतची मेहंदी आणि झुमक्यांचं पान

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी हर्षाली सावद्याहून माझ्या जळगावच्या स्टुडिओत आली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेहंदी होती. शूट हातांचं होतं.

मी प्रॉडक्ट फोटोग्राफर आहे. लग्नाच्या सीझनमध्ये लग्नं, एरवी सराफांचे कॅटलॉग. त्या वर्षी जळगावच्या एका सराफाला आखाजीच्या कॅटलॉगसाठी नवी मॉडेल हवी होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात आणि सोन्याची खरेदी होते. निवड पुण्याची एक एजन्सी करणार होती. हर्षालीने मोबाइलवर काढलेले हातांचे फोटो एजन्सीला आवडले होते. आता नीट पोर्टफोलिओ हवा होता. पोर्टफोलिओ म्हणजे ही व्यक्ती कोणत्या कामाला चालेल, हे दाखवणारा फोटोंचा संच. त्यात एजन्सी 'डिजिटल्स' मागते. मेकअप नाही, दागिने नाहीत, एडिटिंग नाही. माणूस आज जसा आहे तसा.

हर्षालीबरोबर तिची आत्या होती. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी हातांकडे पाहत राहिलो, तशा अक्का म्हणाल्या, "काल भुसावळहून मेहंदीवाली बोलावली. रंग पहा ना भाऊ, कसा चढला!"

"अक्का, हात कोरे हवे होते."

"पोरगी फोटोले जाऊ रायली. कोरे हात कसे ठेवू?"

यात त्यांची चूक काढता येत नव्हती. आमच्याकडे मुलगी नटून स्टुडिओत जाते ती साखरपुड्याच्या किंवा लग्नाच्या आधी. दोन्ही वेळा मेहंदी असते.

"मी सांगितलं होतं," हर्षाली म्हणाली. "आत्या म्हणे, हात उघडे पाहून फोटोवाला काय म्हणेल!"

ताजी मेहंदी दुसऱ्या दिवशी जास्त गडद होते. ती साबणाने जात नाही, ब्लीचने कातडी लाल होते. माझा एडिटर निलेश म्हणाला, "दादा, दोन तास द्या, फोटोशॉपमध्ये साफ करतो." मी नको म्हटलं. शनिवारी एजन्सीची कोऑर्डिनेटर जळगावात येऊन मुलींना समोर बसवून पाहणार होती. फोटोत कोरे हात आणि समोर रंगलेले, असं झालं असतं तर मुलगी तिथेच बाद.

हर्षालीचं बरंच काही या शनिवारावर अवलंबून होतं. तिचे वडील, नाना, केळीचे बागायतदार. त्यांनी एकदाच परवानगी दिली होती. निवड झाली तर पुढचं बघू, नाहीतर हा विषय संपला.

आधी हात मागे घेऊन फोटो काढले. स्क्रीनवर पाहून हर्षालीच म्हणाली, "शाळेत शिक्षा झाल्यासारखी दिसतेय." फुल बाह्यांचा शर्ट घातला. बोटं दिसतच होती. हात लपवले की काहीतरी लपवलंय हेच आधी दिसतं.

मी कोऑर्डिनेटरला फोन लावला.

"मॅडम, मुलीच्या हातावर मेहंदी आहे. कोपरापर्यंत."

"कोणी काढली?"

"घरच्यांनी. तुमच्या शूटसाठी म्हणून."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मग बांगड्यांचं पान गेलं. नक्षीवर नक्षी, दागिना दिसणारच नाही. कान कसे आहेत?"

कान मी पाहिलेच नव्हते. पाहिले. भोकं पाळीच्या मधोमध, बारीक, न ओघळलेली. रोज जड कानातलं घातलं की भोक खाली ताणलं जातं आणि फोटोत झुमका पुढे झुकतो. हर्षालीला कानातलं घालायचा कंटाळा होता. त्याच्यावरून अक्का तिला वर्षभर बोलत आल्या होत्या.

"पाठवा कान आणि मान," मॅडम म्हणाल्या. "आणि मेहंदीचाही एक फोटो टाका. मला शनिवारी धक्का नको."

खिडकीजवळ स्टूल ठेवलं. केस वर धरायला हवे होते. हर्षालीने धरले तर मेहंदी फ्रेममध्ये येत होती. मग अक्का मागे उभ्या राहून केस धरू लागल्या.

"अक्का, अंगठा आत येतोय."

"येऊ दे ना. माझा बी फोटो निघू दे की."

"आत्या!"

अंगठा बाहेर गेला. दुपारपर्यंत दोन्ही कान, मान, गळा, मागची बाजू आणि मेहंदीचे हात, सगळं पुण्याला गेलं.

शनिवारी चार मुली होत्या. कोऑर्डिनेटरने फोटो हर्षालीच्या कानाशेजारी धरून पाहिले. सराफ शेठ तिथेच बसले होते. त्यांनी सगळ्यांना सारखेच जड झुमके घालायला लावले आणि चहा मागवला. कोणाला कळेना, चहा कशाला. तासाभराने झुमके काढले. दोघींच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, एकीची सुजली होती. हर्षालीचे कान जसेच्या तसे होते.

शेठ म्हणाले, "शूट दिवसभर चालतं. लाल कान कोण बघणार? हिलाच घ्या."

बांगड्यांसाठी नशिराबादची मुलगी निवडली गेली. हर्षालीकडे झुमक्यांचं पान आलं.

कॅटलॉग आखाजीच्या आधी छापून आला. त्या पानावर एक कान, थोडा गाल आणि मान आहे. दोन दिवसांनी सावद्याहून नानांचा फोन आला.

"भाऊ, याच्यात पोरीचं तोंड कुठं हाये?"

"नाही नाना. फक्त कान."

"मंग ओळखीचे लोकं ओळखणार नही?"

"नाही."

"मंग चालू द्या."

त्यानंतर धुळ्याच्या एका सराफाने एजन्सीकडून हर्षालीला हारांच्या शूटसाठी मागून घेतलं. तो कॅटलॉग गेल्या महिन्यात निघाला. त्यात तिचा पूर्ण चेहरा आहे, तोही मुखपृष्ठावर. त्याच्या प्रती सावद्यात पोहोचल्या आहेत. नानांचा फोन अजून आलेला नाही.