मल्लूच्या तोंडाला लावलेली कोरफड

माझ्या मेव्हण्याचं ठरत आलेलं लग्न मी एका पानाने मोडत आणलं होतं. ही गोष्ट मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही. (मी मुळात कमी बोलतो. कारणही बहुधा हेच.)

मेव्हणा मल्लिनाथ, आमचा मल्लू, वळसंगला शेती करतो. बार्शीची मंडळी घर बघायला यायची होती, मुलगीही सोबत येणार होती, आणि ऐन उन्हाळ्यात रानात राबून मल्लूचं तोंड तव्यासारखं झालेलं. मी सोलापुरात ऑफिसात बसणारा, पण घरात वनौषधींचा जाणकार समजला जायचो. (समज माझाच होता.) म्हटलं, "कोरफड लाव, तासाभरात उजळशील." आणि बांधावरून एक जाड, काटेरी कडांचं पान कापून आणलं.

गर काढायला गेलो तर आत दोरेच दोरे.

"दाजी, कोरफडीत दोरे असत्यात व्हय?"

"गावठी आहे. गावठीत असतात."

नुकती दाढी केलेल्या गालांवर मी सढळ हाताने लेप दिला. पाच मिनिटांत मल्लू म्हणाला, "लई चुरचुरतंय." मी म्हणालो, "म्हणजे लागू पडतंय." दहा मिनिटांत तो रांजणात तोंड बुडवून उभा होता. अर्ध्या तासात ओठ भज्यासारखे फुगले, एक डोळा मिटला, आणि दारात बार्शीची जीप थांबली!

मुलीच्या मामांनी मल्लूकडे बघितलं आणि उचललेली पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. "हे पयल्यापासून हाय का?"

"दृष्ट लागली वो," सासूबाई म्हणाल्या. मामा उठलेच.

मुलगी, अश्विनी, उठली नाही. "काय लावलंय तोंडाला?"

"कोरफड," मल्लू कसाबसा म्हणाला.

"पान दावा बघू."

तिने पान मोडलं आणि त्यातले तंतू सर्रकन ओढून काढले. "कोरफड मोडली की नुसता बुळबुळीत गर निघतो. ही घायपात हाय. ह्याचे दोर वळत्यात. कुणी आणली?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. (मंगळवार होता.) सुजल्या ओठांतून मल्लू म्हणाला, "म्याच."

"शेतकरी असून?" ती हसायलाच लागली. "मामा, बसा. मला पसंत हाय. पण रान मी बघणार."

लग्न झालं. तेव्हापासून प्रत्येक कार्यात ही गोष्ट रंगते. मल्लू मान खाली घालून ऐकतो, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसतो.

गेल्या महिन्यात जेवताना त्याच्या लेकीने विचारलं, "पप्पा, तुमाला मूग तरी वळखू येतो का?" मी हातातला घास ताटात ठेवला. बोलून टाकलं, "घायपात मी आणली होती."

अश्विनी भाकरी वाढत म्हणाली, "ठाव हाय, दाजी. त्या दिवशी तुमचे दोनी हात कोपरापर्यंत लाल व्हते की."

"मग मल्लूला का बोलत होतीस?"

"ह्यांना खोटं बोलल्याची शिक्षा. तुमची कवा संपतीया, ते बघत व्हते."

मल्लू पोट धरून हसला. माझी बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो, तर तिने मोबाइलवर मेथीचा फोटो पाठवला.

बरं झालं. मी शेपूची जुडी पिशवीत टाकली होती.