दोराचा वेढा

शिडाचा दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे ह्यांनी मला इतक्या वेळा बजावलं होतं की पोळ्या लाटतानाही ते माझ्या कानात वाजायचं. वारा एकदम भरला की दोर सोडून द्यायचा. शीड ढिलं पडतं, होडी सरळ होते. हाताला वेढा असला तर सोडणार काय, कपाळ?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही पिंप्राळ्यात राहायचो. माझ्या नवऱ्याला कॉलेजात शिडाच्या होडीचं वेड लागलं, ते नोकरी लागल्यावरही गेलं नाही. मुंबईहून एक जुनी होडी ट्रकमधून आणून त्यांनी तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात ठेवली होती. लोक हसायचे. मीही आधी हसले, मग शिकले.

त्या रविवारी फैजपूरहून माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, होडी बघायला आले. केळीचे मोठे बागाईतदार. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाशी बोलायचं नाही, त्याला चुकूनसुद्धा शिवायचं नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती, तरी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. होडीतही मी तरंगायच्या जाकिटावर पदर ओढून बसले होते. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

जेठांनी हौसेनं शिडाचा दोर मागून घेतला आणि बैलाचा कासरा धरावा तसे तळहाताला दोन वेढे दिले. सुकाणूवर बसलेल्या ह्यांना मी हळूच म्हटलं, "अहो, त्यांना सांगा ना."

"भाऊ, वेढा काढा," हे म्हणाले.

"अरे, बैल याच्यापेक्षा जास्त वढतात," जेठ हसले. थोरल्या भावापुढे ह्यांची जीभ चालत नसे.

वारा आला तो एकदम. होडी कलली. "सोडा, भाऊ, सोडा," हे ओरडत होते, पण वेढे आवळले होते आणि बोटं पांढरी पडली होती. रीतभात गेली खड्ड्यात, मी त्यांचं मनगट धरलं. त्या माणसानं हात मागे ओढला. मरण समोर दिसत असताना, भावजय शिवली म्हणून. वेढा आणखी घट्ट बसला आणि होडी उलटली.

जाकिटांमुळे आम्ही तरंगत होतो, पण शीड जेठांना हाताला धरून खाली ओढत होतं. त्यांचं तोंड पाण्याखाली जायचं, वर यायचं, परत जायचं. ओला दोर ह्यांना सुटेना. मी देवाला शिव्या दिल्या, जेठांना दिल्या, ही रीत ज्यानं काढली त्यालाही दिल्या. कुणी ऐकणारं नव्हतं. शेवटी मासे धरणारे भोई डोंगी वल्हवत आले आणि त्यांनी सुरीनं दोर कापला.

जळगावच्या दवाखान्यात उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. पट्टी बदलताना जेठांना कुणीतरी धरून ठेवावं लागायचं. एका दुपारी हे औषध आणायला गेले होते. मी सवयीनं दाराबाहेर, पदर सावरून उभी होते. आतून नर्सनं विचारलं, घरचं कुणी आहे का. मग जेठांचा आवाज आला. त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"बाई, आत ये. हात धर."