तिची चिठ्ठी परत द्यायची होती

माझं शिक्षण दुसरी. तीही पुरी नाही, कारण अर्ध्या वर्षात बापानं शाळेतून काढलं आणि घमेलं हातात दिलं. पुढं मी गवंडी झालो. राहुरीच्या आसपास निम्म्या गावांत माझ्या हातच्या भिंती आहेत, आणि एकही ओळंब्याच्या दोरीबाहेर गेलेली नाही. आमच्या देवळाचं, म्हणजे चर्चचं, कंपाउंड माझंच. त्या देवळात रविवारचा शास्त्रपाठही बहुतेक मीच वाचत आलो. आज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. त्याला अक्षर भेटलं ते शास्त्रामुळं, बायबलामुळं. आज्यानं ते बापाला दिलं, बापानं मला. शाळेनं नाही दिलं. म्हणून शास्त्राबद्दल मनात शंका येणं म्हणजे माझ्यासारख्याला ओळंब्यावरच शंका येणं. ओळंबा खोटा म्हटला की आजवरच्या सगळ्या भिंती पुन्हा तपासाव्या लागतात.

आमच्या घरी दिवेलागणीला वाचन व्हायचं. मी खाटेवर बसून वाचायचो. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं. लग्नानंतर मी शिकवायला बसलो तर म्हणाली, "तुमी वाचताय की. एका घरात दोघांनी कशाला?" पण ती हुंकार द्यायची. मी वाक्य संपवलं की तिकडून "हं" यायचा. त्या हुंकारावर माझं वाचन चालायचं, जसं मिस्तरीचं काम हाताखालच्या माणसावर चालतं.

काही अध्यायांना मात्र तिचा हुंकार यायचा नाही. राजानं पाप केलं आणि त्याचं तान्हं लेकरू मेलं, तो अध्याय आला की सूप थांबायचं.

"लेकरानं काय केलं हुतं?"

"पाप बापानं केलं हुतं."

"मंग बापाला न्यायचं."

"आता लिहिलंय तसं हाय."

"लिहिनाऱ्याच्या घरात पाळणा हलला नसंल."

मी गप म्हणायचो. ती गप बसायची, पण अध्याय संपेस्तोवर एक हुंकार द्यायची नाही. आमचंही एक लेकरू बाराव्या दिवसाच्या आत गेलेलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. तो अध्याय वाचताना मला विहिरीत दगड टाकून आवाज न आल्यासारखं व्हायचं.

आता डब्याचं सांगतो. आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी वचनाची चिठ्ठी काढायची रीत आहे. बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. डबा बाकाबाकावरून फिरतो, प्रत्येकानं डोळे मिटून एक घ्यायची. जी येईल ते त्या वर्षाचं देवाचं वचन. वर्ष संपत आलं की चिठ्ठी परत आणून द्यायची, म्हणजे पुढल्या वर्षी ती दुसऱ्याला जाते. लोक चिठ्ठी पाकिटात ठेवतात, देव्हारा नसतो म्हणून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवतात, गुळगुळीत होईपर्यंत वाचतात.

त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या. देवळाची फरशी झाली त्या साली तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, "मिस्तरी, तुमचं अक्षर ठळक आहे, तुम्हीच निवडून लिहा." मी शास्त्र चाळलं आणि निवडून निवडून गोड तेवढं लिहिलं. भिऊ नको, मी बरं करीन, तुझी लेकरं परत येतील, तुझ्या दारात भाकर कमी पडणार नाही, असलं सगळं. शास्त्रात पानापानावर माणसं मरतात, पण आमच्या डब्यात एकही माणूस मेलेला नाही.

बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला नेऊन मशीनवर रक्त धुवायचं. पहाटेची एस.टी., परतीला मिळेल ते. त्या साली नव्या वर्षाला ती देवळात मला धरूनच आली. डबा तिच्यापुढं आला. तिनं हात घातला, लई वेळ ढवळलं आणि एक चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. मी वाचली. तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझी आसवं पाहिली आहेत, तुला बरं करतो, असं होतं.

तिनं चिठ्ठी घेतली, पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "बघा. मला म्हाईतच हुतं."

मशीनवर पडल्यावर दुसऱ्या हातात ती गाठ धरायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, "आमच्या मालकाच्या हातची हाय. पन बोलनं देवाचं हाय." मी ऐकायचो आणि कळायचं नाही, अभिमान वाटावा की पळून जावं.

गणपती बसायच्या आधी ती गेली. आंघोळ घालणाऱ्या बायकांनी गाठ सोडून चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी शास्त्रात ठेवली आणि शास्त्र मिटलं.

दफनाला मी रडलो नाही. लोक म्हणाले, विश्वासाचा माणूस आहे. मी म्हणू दिलं.

काही दिवसांनी दिवेलागणीला पुन्हा वाचायला बसलो. सवय माणसाला सोडत नाही. स्तोत्रं वाचली, हिरव्या कुरणाचं, शांत पाण्याचं. उंबऱ्यातून काही आलं नाही. येणार कसं. पण बोट सरकत सरकत त्या राजाच्या अध्यायाला आलं, लेकरू मेलं असं मी मोठ्यानं वाचलं, आणि आतून स्पष्ट "हं" आला.

मी उठून पाहिलं. उंबऱ्यात सूप भिंतीला टेकवलेलं होतं, ती गेली तेव्हापासून तसंच. चुलीपाशी पातेलं पालथं. बाकी काही नाही.

आम्ही ख्रिस्ती माणसं, भुताखेतांना मानत नाही. मी तर कबरस्थानाची भिंत बांधायला दिवस मावळेपर्यंत एकटा थांबलेला माणूस. तरी त्या दिवसापासून मला माझ्या घरात वाचायची धास्ती बसली. गोड अध्यायाला ती गप्प. जिथं पूर्वी हुंकार द्यायची नाही नेमका तिथं द्यायची. पूर आला आणि सगळी बुडाली: हं. घराघरातली पहिली लेकरं मारली: हं. जसं काही म्हणतेय, आता कळलं का. धास्ती तिची नव्हती. जिवंत होती तोवर ते प्रश्न तिचे होते, मी गप म्हणून मोकळा व्हायचो. आता घरात विचारणारा एकच उरला होता आणि गप म्हणणाराही तोच.

डिसेंबर लागला. आमचे आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, पुण्याला शिकलेले, स्वभावानं चांगले. ते घरी आले.

"सलाम बाबा."

"सलाम. बसा."

"सगळ्यांच्या चिठ्ठ्या जमा झाल्या. तुमच्या घरची एक राहिली. आणि नव्या वर्षाचा शास्त्रपाठ तुम्हीच वाचावा अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"चिठ्ठी देनार न्हाई."

"का बाबा?"

"खोटी निघाली. खोटा माल मी गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा देत न्हाई."

ते म्हणाले, "बाबा, ते वचन एका आजारी राजाला दिलेलं आहे. संदर्भ बघावा लागतो."

"मंग डब्यात संदर्भ का घालत न्हाई तुमी?"

"डबा तुम्हीच लिहिलाय, बाबा."

ते हसून म्हणाले, टोमणा नव्हता. पण मला लागलं. मी चहा ठेवायला उठलो आणि पाठ त्यांच्याकडंच ठेवली. जाताना ते दारात थांबले. "शास्त्रपाठ वाचाल ना?"

"सांगतो," म्हणालो. शब्द दिला नाही.

खरा पेच तो होता. चिठ्ठी परत दिली तर पुढल्या साली दुसरी कोणी बाई ती गाठीत बांधून मशीनवर पडणार. ठेवून घेतली तर सगळ्या मंडळीला दिसणार की मिस्तरीनं शास्त्र खोटं ठरवलं. आणि पुढं उभं राहून वाचायचं म्हणजे तोंड वाचणार आणि मी मागं कुठं तरी बाहेर उभा राहणार, वेशीच्या बाहेर, आज्याच्या जागी.

त्या आजारी राजाचा अध्याय मी काढला. लिहिताना मी मधलं एकच वाक्य उचललं होतं, मागचं पुढचं वाचलं नव्हतं. आता पहिल्यापासून वाचला. राजाला मरण सांगितलेलं असतं, तो भिंतीकडं तोंड करून रडतो, त्याला आणखी वर्षं मिळतात. पुढं वाचत गेलो तर शेवटी एका ओळीत तोही मरतो. मी थांबलो. हुंकाराची वाट पाहिली. आला नाही. तेव्हा माझ्याच तोंडून मोठ्यानं निघालं, "राजाला वर्षं दिली. मंग हिला का न्हाई?"

घरात माझाच आवाज फिरला. तिचा प्रश्न मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं विचारला होता, आणि छत काही पडलं नाही.

मग मी शास्त्र असं चाळलं जसं कधीच चाळलं नव्हतं. गोड बाजूला ठेवलं आणि विचारणारे शोधले. आणि लई निघाले. किती दिवस, असं विचारणारे. तू झोपलास का, असं विचारणारे. राखेत बसून देवाशी भांडणारा एक. आणि क्रुसावरचा तो स्वतः, देवालाच विचारतो की मला का सोडलंस. मी हे सगळं पुढं उभं राहून वाचलेलं होतं, एका अक्षराला न अडखळता. म्हणूनच बहुतेक ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून कोरा कागद आणला, डब्यातल्या मापाचा कापला आणि क्रुसावरचा प्रश्न लिहिला. नुसता प्रश्न. खाली उत्तर नाही. अक्षर पहिल्यासारखं आलं नाही. बायकोची चिठ्ठी शास्त्रातच ठेवली, त्या आजारी राजाच्या अध्यायात. नवी चिठ्ठी पाळकसाहेबांना नेऊन दिली. घडी घातलेली होती. त्यांनी उघडून पाहिली नाही. एवढंच म्हणाले, "बरं झालं बाबा." मी खोटं बोललो नाही, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

नव्या वर्षाच्या सकाळी मी पाठ वाचला. लोकांना नेहमीसारखाच वाटला. मग डबा फिरायला लागला. बाकाबाकावर हात डब्यात जात होते. नवीन लग्न झालेली जोडपी, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. माझ्या हातानं मी सणाच्या दिवशी ह्यांच्यात काय सोडलं, असं वाटलं. उठून डबा हिसकून घ्यावा असंही वाटलं. बसून राहिलो. माझ्यापर्यंत डबा आला तेव्हा मनात म्हणालो, माझी मलाच येऊ दे. मला आली ती भाकर कमी पडणार नाही अशी.

कोणी काही बोललं नाही. उपासना सुटली, केक वाटला, एकमेकांना सलाम झाले. मी सगळ्यांची तोंडं पाहत होतो. पुढचे रविवारही पाहत राहिलो. आमच्या वस्तीत कुठल्या तरी घरात माझ्या हातचा तो प्रश्न होता आणि कुठल्या ते मला ठाऊक नव्हतं. आता माझ्या घरात वाचायचीच नाही, बाहेर निघायचीही धास्ती.

उन्हं वाढायला लागली तेव्हा एका संध्याकाळी वस्तीच्या टोकाची बाई आली. तिचा मुलगा नागापूरला कारखान्यात कामाला होता. एक दिवस पाळीला म्हणून गेला तो कारखान्यात पोचला नाही आणि घरीही आला नाही. तीन वर्षं झाली. ती अजून रोज त्याची भाकर टाकते, हे सगळ्यांना माहीत आहे.

ती दारात उभी राहिली. पदराची गाठ सोडली आणि चिठ्ठी पुढं केली.

"मामा, ही तुमच्याच हातची न्हवं? बाकीच्या पिवळ्या हायेत. ही पांढरी हाय."

मी हो म्हणालो. म्हणालो, चुकलं असंल तर फाडून टाक.

"फाडू कशाला." ती उंबऱ्याशी टेकली, बायको बसायची त्या स्वयंपाकघराच्या नाही, बाहेरच्या. "दर साली मला तेच यायचं. लेकरं परत येतील. देवळातून घरापत्तुर हसत यायची आन् रातभर दाराकडं बघायची. ह्या साली ही आली. पोरीनं वाचून दाखवली. लई रडले, मामा. पन झोप लागली."

तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हे कुनी इचारलंय?"

"त्यानंच. क्रुसावर."

"त्यानं?" ती चिठ्ठीकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. "मंग वाचा की. जिथलं हाय तिथलं वाचा."

मी शास्त्र घेतलं. बायको गेल्यापासून ह्या घरात दुसऱ्या कोणासाठी वाचलं नव्हतं. भर दुपारी अंधार पडतो, मग ती हाक. तिथं आल्यावर मी थांबलो.

"काय उत्तर आलं?"

"न्हाई आलं."

"पुढं?"

"पुढं मरतो."

"आन् त्याच्या पुढं?"

त्याच्या पुढं तो तिसऱ्या दिवशी उठतो, ते मला माहीत आहे. आज्याला माहीत होतं, बापाला माहीत होतं, मी किती ईस्टरला ते वाचलं आहे. पान उलटायला बोट घातलंही. तिनं हात वर केला.

"आज ऱ्हाऊ द्या. आज इथंच थांबा."

ती गेली. मी शास्त्र उघडंच मांडीवर ठेवून बसलो. सूप भिंतीला टेकलेलं होतं. ओळंबा खरा की खोटा, ते मी अजून सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मग मी तीच ओळ पुन्हा वाचली, मोठ्यानं, तो प्रश्न, आणि वाक्य संपल्यावर लगेच पुढं गेलो नाही. बायकोला हुंकार द्यायचा असला तर जागा असावी म्हणून.