तोंडावर बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण – जाऊ दे, कारण काय सांगू? आता पोटात मावत नाही, एवढंच.

सायखेड्याच्या बाजूला एका वस्तीवर माझी अंगणवाडी. बावीस वर्षं सेविका आहे मी. पोरं ताई म्हणतात, त्यांच्या आयाही ताईच म्हणतात. तोंडाची फटकळ, पण कामात चोख – असं माझं नाव.

सोनी पेठ तालुक्यातली, डोंगरातल्या पाड्यावरची. आईबाप द्राक्षबागेत कामाला आलेले. वय साडेतीन, घरची बोली कोकणी – समुद्राकडची नव्हे, तिकडच्या आदिवासींची. पहिल्या आठवड्यात ती भरभरून बोलायची, आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. वर्ग आवरेना. मग काय केलं मी? हसणाऱ्यांना दटावायचं सोडून तिलाच बसवलं – हाताची घडी, तोंडावर बोट. रोज. तिला आमची मराठी कळत नव्हती, पण हे बरोबर कळलं. महिनाभरात ती गप्प झाली. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

पुढे पाहुणे यायचं ठरलं. चार देशांतल्या बालवाडीच्या शिक्षिका आमचं काम बघायला येणार होत्या. सुपरवायझर मॅडमनी दोनदा बजावलं – प्रत्येक मूल बोललं पाहिजे. मी गाणी बसवली, रांगोळी काढली. आणि सोनी? तिला कुणी नाव विचारलं असतं तर? माझी बावीस वर्षं पाण्यात गेली असती. निदान मला तसं वाटलं.

गाडीचा आवाज आला तसं मी तिला उचललं, धान्याच्या खोलीत पोत्याजवळ बसवलं आणि बाहेरून कडी घातली. मदतनीस बाई खिचडीत गुंतलेली, तिला पत्ताच नाही. म्हटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न.

पाहुण्या तासभर बसल्या. त्यातली एक पिकल्या केसांची, माझ्याच वयाची. दुभाषी मुलीकरवी ती म्हणाली, "आमच्याकडे दुसऱ्या भाषेतून आलेली मुलं शाळेत गप्प होतात. मी त्यांना मंद समजत राहिले, फार चुकलं माझं. तुम्ही काय करता?" बाकीच्या तिघी मान डोलवत होत्या – त्यांच्याकडेही तेच. चार देशांचं दुखणं त्या माझ्यापुढे मोकळं करत होत्या, आणि माझं कडीच्या आत. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते, नाही का?

"आमच्याकडे सगळी बोलतात," मी म्हणाले.

जीव सगळा त्या दाराकडे. आता रडेल, आता दार वाजवेल. नंतर तर वाटायला लागलं – वाजवू दे, सुटेन तरी. तिने नाही वाजवलं.

पाहुण्या गेल्यावर कडी काढली. फ्रॉक ओला झालेला. डोळे कोरडे. अंधारात पोत्याला टेकून ती बसली होती – हाताची घडी, तोंडावर बोट.

तिच्या आईला मी सांगितलं, पोरगी अजून कपडे ओले करते, घरीच ठेवा. ती बिचारी "बरं ताई" म्हणाली. बागेचं काम संपलं तशी ती माणसं निघून गेली.

धान्याची खोली तीच आहे. खिचडीचे तांदूळ काढायला रोज सकाळी ती कडी मीच काढते.