आपाने धरलेली जागा

माझं काम माणसं जुळवण्याचं आहे. लग्नं नाही जुळवत मी, कंपनीच्या ग्राहकांच्या याद्या जुळवते. एकच माणूस यादीत दोनदा आला असेल, एकदा माहेरच्या आडनावाने आणि एकदा सासरच्या, एकदा जुन्या फोन नंबराने आणि एकदा नव्या, तर तो ओळखायचा आणि त्याची एकच नोंद ठेवायची. बदनापुरात घरी बसून मी दिवसाला शेकडो अनोळखी माणसं अशी शोधून काढते. मला जी एक बाई हवी आहे ती मात्र इतक्या वर्षांत सापडलेली नाही, कारण मला तिचं नाव माहीत नाही. आम्ही तिला आपा म्हणायचो.

लॉकडाऊनच्या आधी नऊ वर्षं मी बदनापूर ते औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर, असं अपडाऊन केलं. सकाळची पॅसेंजर जालन्याहून यायची. आपा जालन्याला चढायची, बायकांच्या बोगीत खिडकीशी बसायची आणि शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवायची. जागा धरायची पद्धत सगळ्याच अपडाऊनवाल्यांत असते. कोणी रुमाल टाकतं, कोणी ओढणी. आपाचा त्यावर विश्वास नव्हता. ती जेवणाचा डबा ठेवायची.

"रुमाल कोणीबी उचलून फेकतंय," ती म्हणायची, "अन्नाला हात लावत न्हाईत लोकं."

आणि खरंच कोणी लावत नसे. रमजानमध्ये तिला रोजा असायचा, तरी डबा यायचाच. मी एकदा उचलून पाहिला तर अगदी हलका, आत साधा चमचाही नव्हता. मी हसले तर म्हणाली, "वजन कशाला करून राह्यली? बैस जल्दी."

गाडीत कोणाला नावाने हाक मारायची रीत नव्हती. एक कोर्टवाली होती, एक जुळ्यांची आई होती, मी बदनापूर होते. आपा पन्नाशीच्या आसपास असेल. बसल्याबरोबर नकाब वर टाकायची आणि पर्समधली लवंग काढून दाढेखाली धरायची. शहरात एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. तिच्या हातून सुई टोचून घेताना लहान मुलंही रडत नाहीत, असं तीच सांगायची. मला तिचं सगळं ठाऊक होतं. थोरल्या मुलीला सासरचे पुढे शिकू देत नव्हते ते, नवऱ्याला तिखट चालत नाही म्हणून घरात रोज दोन भाज्या होतात ते, कंबर कोणत्या बाजूला जास्त दुखते तेसुद्धा. सासूबाईंशी कसं बोलायचं ते मी तिच्याकडूनच शिकले. ते फारसं जमलं नाही, पण त्यात शिकवणारीचा दोष नाही.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा घरचे सगळे "होईल पुन्हा, होईल पुन्हा" म्हणत होते. मी पंधरा दिवसांनी गाडीत चढले. आपा करमाड स्टेशनापर्यंत माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली होती. करमाड गेल्यावर म्हणाली, "रड आता. उतरायला टाइम हाये आणखी." मी रडले. तिने बाकीच्या बायकांकडे पाठ करून मला आडोसा केला. त्या दिवसानंतर घरात कोणी काही म्हटलं तरी मला सहन झालं.

इतकं सगळं असून नाव विचारायचं कधी सुचलं नाही. रोज दिसणाऱ्या माणसाला नाव काय विचारायचं? फोन नंबरही घेतला नाही. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता, तोही बहुतेक घरीच असायचा. त्यामुळे आमच्या अपडाऊनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ती कधी आलीच नाही.

मग कंपनीने मला बढती दिली आणि बढतीबरोबर सकाळची मीटिंग दिली. धावत्या गाडीतून मोबाइलवर हजेरी लावता येते याचा मला तेव्हा भारी तोरा होता. कानात इयरफोन घालून मी माना डोलवत बसायची आणि आपा खिडकीबाहेर बघत बसायची. शेवटच्या दिवशी तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो शेवटचा दिवस आहे हे आम्हाला कुठलं ठाऊक असायला!

"ऐक ना, एक बात सांगायची व्हती तुला."

मी बोट वर केलं. थांब. चिकलठाणा गेलं तरी माझं बोट वरच. उतरताना गर्दीत तिने विचारलं, "झाली का गं मीटिंग?"

"न्हाई ना आपा. उद्या सांग, बिलकुल उद्या."

"बरं, उद्या," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला आज जरा बरं वाटलं असतं. त्या मीटिंगमध्ये काय चाललं होतं ते मला आठवत नाही. पडद्यावरच्या कुठल्याशा बटणाचा रंग बदलायचा होता बहुतेक.

दुसऱ्या दिवसापासून गाड्याच बंद झाल्या.

घरून काम सुरू झालं तेव्हा मी खूश होते, खोटं कशाला बोलू? साडीच्या निऱ्या नाहीत, धावपळ नाही, गरम पोळी ताटात. गाड्या परत सुरू झाल्या तोवर कंपनीने शहरातलं ऑफिसच बंद करून टाकलं होतं. आमचं घर स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर. सकाळची गाडी शिरताना भोंगा द्यायची आणि मी घाईघाईने माइक बंद करायची, कारण पुण्याचे साहेब हसायचे. रोज वाटायचं, एकदा जाऊन बघावं. दोन मिनिटं का होईना, गाडी थांबते. खिडकीशी उभं राहून नुसतं विचारलं असतं, "आपा, काय सांगायचं व्हतं?" पण नेमकी तीच मीटिंगची वेळ. उद्या जाऊ म्हणायचे. असे उद्या किती गेले ते मी मोजले नाहीत.

नंतर शोधायला लागले ते बसल्या जागीच. जालना, आपा, लॅब असं इंटरनेटवर टाकून पाहिलं. रक्ततपासणीवर सवलतीच्या जाहिराती आल्या आणि पुढे महिनाभर फोन मला थायरॉइड तपासून घ्यायला सांगत राहिला. ग्रुपवर विचारलं तर दोघींनी लाल बदाम पाठवले आणि एकीने "काय दिवस होते ना" लिहिलं. नाव कोणालाच माहीत नव्हतं. एकदा शहरात गेले तेव्हा ती सांगायची त्या गल्लीत लॅब शोधली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे.

मागच्या महिन्यात कंपनीने सगळ्यांना एका दिवसासाठी संभाजीनगरला बोलावलं. नवरा म्हणाला, मी मोटरसायकलवर सोडतो. मी म्हटलं, रेल्वेने जाणार. बोगीत चढले तर एकही चेहरा ओळखीचा नाही आणि जवळजवळ प्रत्येकीच्या कानात काहीतरी. मांडीवर फाइल घेऊन खिडकीशी एक तिशीची बाई बसली होती. तिला विचारलं, एक आपा यायच्या जालन्याहून, लॅबवाल्या, माहीत आहेत का?

"आपा? लवंगवाल्या? हो की," ती म्हणाली. "त्या गेल्या ना ताई लेकीकडं राह्यला. परभणीकडं कुठंतरी. लॅब बंद झाल्ती त्यांची."

"नाव काय त्यांचं?"

तिने जरा विचार केला. "नाव न्हाई बा ठाऊक. आपाच म्हणायचो आमी." मग तिला काही आठवलं आणि ती हसली. "मी नवीन लागल्ते तवा लई भांडल्या माझ्याशी. गाड्या चालू झाल्त्या नुकत्याच. बाजूच्या जागेवर डबा ठेवायच्या अन् कोणालाच बसू द्यायच्या न्हाईत. बायका उभ्या राह्यल्या तरी न्हाई. बदनापूर आलं की दाराकडं बघत राह्यच्या. गाडी हलली का मंग डबा मांडीवर घ्यायच्या अन् मला म्हणायच्या, बैस."

"किती दिवस केलं असं?"

"दिवस कसले? वर्षभर तरी. लॅब बंद होईपर्यंत."

तिने सरकून मला जागा करून दिली. मी बसले नाही, मला बसवेचना. वर्षभर रोज सकाळी ती त्या दाराकडे बघत होती. मी तिथून पायी दहा मिनिटांवर होते आणि एकदाही गेले नाही.